फळीच्या पाठीवर

माझ्या साडूला सगळे मौनी म्हणायचे आणि मला रेडिओ. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पण आमचं जमलं ते नात्यामुळे नव्हे, कामामुळे. एकोणतीस वर्षं आम्ही दोघांनी लोकांच्या घरांत लाकडी जमिनी बसवल्या. मी फळ्या कापायचो, तो बसवायचा. मी दिवसभर पायांवर, तो दिवसभर गुडघ्यांवर. ठेकेदार म्हणायचा, "दोघांच्या वाटणीचे शब्द वरून एकाच पिशवीत आले होते, रेडिओनं पिशवीच पळवली." मला हे इतकं आवडायचं की मीच ते इतरांना सांगत फिरायचो.

गोष्टी सांगायचा रोग मला शाळेपासूनचा. आमच्या गावात एक खोली, चार इयत्ता आणि एक मास्तर. मास्तर एका इयत्तेला गणित घालून दुसरीकडे वळले की बाकीच्या माझ्या ताब्यात. एकदा पावसात भिजलेली म्हैस वर्गात शिरली आणि मागच्या भिंतीशी बसली. मास्तरांचा चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता. हजेरी घेता घेता ते म्हणाले, "मागं कोण ते काळ्या स्वेटरमधलं? उभं राहा!" म्हैस काही उठली नाही. पुढची हकिगत सांगायला मला वीस मिनिटं लागतात आणि ऐकणाऱ्याचं पोट दुखतं, म्हणून इथे सोडतो. याच मास्तरांनी मला एकदा जवळ घेऊन सांगितलं होतं, "तू बोलत असतोस तोवर मला काळजी नसते. गप्प झालास की समजतो, याच्या हातून काहीतरी झालंय."

आमची कामाची पद्धत आधी सांगायला हवी. करवतीचं मशीन घरात लावलं की भुसा पडद्यांत, गाद्यांत, माणसांच्या नाकांत जाऊन बसतो. म्हणून मशीन बाहेर अंगणात, आणि मौनी आत. मशीनच्या आवाजात आतून कितीही ओरडला तरी मला काय ऐकू येणार? म्हणून तो फळीचा एखादा वाया गेलेला तुकडा घ्यायचा, त्याच्या पाठीवर सुताराच्या जाड पेन्सिलीनं माप लिहायचा आणि दाराशी ठेवायचा. मी तेवढी फळी कापायचो, तिच्या टोकाला ओळीचा आकडा टाकायचो आणि आत द्यायचो. काही विचारायचं असलं तर त्याच तुकड्यावर लिहून तुकडा परत. दिवसभर हे टपाल चालायचं. मी लिहायचो, "हे माप आहे की म्हशीची शेपटी?" तो लिहायचा, "काप." पुन्हा मी काहीतरी लांबलचक. पुन्हा तो, "काप." नियम एकच होता. बोलायचं ते तुकड्यावर, फळीवर फक्त टोकाचा आकडा. कारण तुकडा परत येतो. फळी एकदा चिकटली की गेली, तिची पाठ मग कुणाला दिसत नाही.

मौनी धंद्यात नावाजलेला होता तो त्याच्या हातासाठी. फळी गोंदावर नीट बसली नाही तर खाली पोकळी राहते आणि वर्षभरात तिथे पाय पडला की कुरकुर सुरू होते. बाकीचे कारागीर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावतात. मौनी डावा तळहात फळीवर सपाट ठेवायचा, उजव्या हाताच्या पेरानं शेजारी टकटक करायचा आणि डोळे मिटायचा. पोकळी त्याला कधी चकवू शकली नाही. नवे कारागीर त्याची ही ढब उचलायचे. तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे. आतलं काही कळायचं नाही त्यांना, पण दिसायचं झकास. मीही कौतुकानं सांगायचो, "बघा, माझा साडू हातानं ऐकतो!"

मी हे गमतीनं म्हणत होतो. ते अक्षरशः खरं होतं हे मला फार उशिरा कळलं.

झालं असं की एका घरी फळ्यांच्या खोक्यांची थप्पी कलली. मौनी तिच्याखाली, पाठ माझ्याकडे. मी बोंब ठोकली, "मौनी, सरक! सरक लवकर!" तो आपला शांतपणे गोंद पसरतोय. वरचं खोकं त्याच्या खांद्याला घासून पडलं तेव्हा कुठे तो वळला, आणि माझं उघडं तोंड बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. खोक्यामुळे नाही. मला कळलं म्हणून.

दुपारी डबे उघडले तेव्हा तो आपणहून बोलला.

"डावा आधी गेला. उजव्यात आता नुसता भोंगा वाजतो, तोही आतल्या आत."

"कधीपासून?"

"सहा वर्षं. सात असतील."

"अरे, मग मी तुला गोष्टी सांगत होतो त्या?"

"तुझं तोंड दिसलं की कळतात. मान खाली घालून सांगतोस त्या जातात."

"ती म्हशीची?"

"कुठली म्हैस?"

मी घास खाली ठेवला. मला हसावं की रडावं कळेना. सात वर्षं मी ज्या माणसाला पोटभर गोष्टी सांगितल्या, तो बरोब्बर जागा बघून मान हलवत होता. ओठ हलायचे थांबले की मान. माझे डोळे बारीक झाले की हसू. असा श्रोता मला जन्मात मिळाला नव्हता.

"कानात मशीन घाल ना."

"मशीन दिसतं."

एवढंच म्हणाला, पण मला समजलं. चार वर्षांपूर्वी ठेकेदाराच्या कामावर एक माणूस कोसळत्या भिंतीखाली सापडला होता. त्याला कमी ऐकू यायचं, मागून तिघांनी ओरडून सांगितलं तरी तो हलला नाही. त्या दिवसापासून ठेकेदाराचा दंडक होता, ज्याला हाक ऐकू येत नाही त्यानं घरी बसावं. तेव्हापासून तो स्वतः कामावर येऊन माणसांच्या पाठीमागे उभं राहून हाका मारून बघायचा. मौनी त्यातूनही निसटला होता. जिथे बसेल तिथे समोर खिडकीची काच नाहीतर स्टीलचा डबा ठेवायचा आणि मागचं त्यात बघायचा.

"कुणाला बोलू नकोस भाऊ," तो म्हणाला. "घरी बसलो तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही. बोलतासुद्धा येत नाही."

मी शब्द दिला. माझी मेहुणी, म्हणजे त्याची बायको, हे सगळं आधीपासून जाणत होती. तिला गल्लीत भांडकुदळ म्हणायचे, कारण सकाळ-संध्याकाळ तिचा आवाज चार घरं ओलांडायचा. नवऱ्याला ऐकू यावं म्हणून ओरडते असं सांगितलं असतं तर गुपित फुटलं असतं. म्हणून बिचारीनं भांडकुदळ हे नाव घेतलं. मी एकदा म्हटलं, "तुला वाईट नाही वाटत?" तर म्हणाली, "भाओजी, लोक माझ्या वाटेला जात नाहीत, तेवढाच फायदा."

तर आता ते तळघर.

घर एका शिक्षिकेचं होतं. तिचे वडील बस चालवून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या पुढे, चालायला चार पायांची चौकट लागायची. वरच्या मजल्यावर राहणं त्यांना झेपत नव्हतं. जमीन मागच्या बाजूला उतरती असल्यामुळे तळघराला मागून सरळ बागेत उघडणारं दार होतं. म्हणून तळघरात त्यांची खोली, शेजारी छोटं न्हाणीघर, असा बेत. काँक्रीट पायाला गार लागतं, म्हणून वर लाकूड. तळघरात अख्ख्या लाकडाची फळी टिकत नाही, ओल लागली की ती फुगून बसते. तिथे थरांची फळी घालतात. वर खऱ्या लाकडाचा कातडीएवढा थर आणि खाली आडवे-उभे चिकटवलेले पातळ पापुद्रे. दुकानात तिला इंजिनिअर्ड वूड म्हणतात. आम्ही शिकलेलं लाकूड म्हणायचो, कारण साध्या लाकडापेक्षा ते जरा समजुतीनं वागतं. समजुतीला मर्यादा असतेच म्हणा.

मौनीनं काही म्हणता काही सोडलं नाही. काँक्रीटवर चार ठिकाणी प्लास्टिकचे तुकडे चारी बाजूंनी चिकटवले आणि तीन दिवस तसेच ठेवले. काँक्रीट ओलं असेल तर प्लास्टिकच्या आत घाम येतो. एक थेंब नव्हता. फळ्यांची खोकी तीन दिवस त्याच खोलीत उघडी ठेवली, हवेशी ओळख व्हावी म्हणून. भिंतीपासून बोटभर जागा सोडली. मग गोंद पसरून ओळी बसवायला घेतल्या.

मी मशीन पुढच्या अंगणात मांडलं होतं. जमिनीलगत तळघराची बुटकी खिडकी होती, तिच्यातून कापायच्या फळ्या आणि तुकडे बाहेर घ्यायचे, कापलेल्या फळ्या आत सरकवायच्या. आत जायचं तर घरातून अकरा पायऱ्या. मागून वळसा घालायचा तर त्याहून लांब. मशीनशेजारी खुर्ची टाकून शिक्षिकेचे वडील बसायचे. ड्रायव्हरबाबा म्हणायचो मी त्यांना. आहाहा, काय माणूस! गोष्ट ऐकताना मांडीवर थाप मारायचे आणि "गाडी थांबवू नका, पुढे घ्या!" म्हणून ओरडायचे. मी तर हरखूनच गेलो. इतक्या वर्षांनी कान शाबूत असलेला श्रोता!

ओळी बसवायला घेतल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी गोंदाचा डबा घेऊन खाली उतरलो तेव्हा शिक्षिका माझ्यामागून येत होती. मौनी उरलेल्या काँक्रीटचा एक उंचवटा घासत होता, धुरळा उडत होता. मी दारातच तिला तोंडावर बांधायचा पांढरा मास्क दिला. "घाला बाई, नाहीतर उद्या वर्गात खोकत बसाल." तिनं घातला. मौनीच्या समोर गेली आणि हातानं न्हाणीच्या दाराकडे दाखवत म्हणाली, "मिस्त्री, तिथे उंबऱ्याखालून गरम पाण्याचा पाईप गेलाय, काँक्रीटमध्येच आहे, वरवर. तिथे भोक पाडू नका हं."

मौनीनं तिच्या डोळ्यांकडे बघितलं. मास्क हलायचा थांबला. मौनीनं मान हलवली.

मी तिच्यामागे उभा होतो. मला कळलं की त्याला कळलेलं नाही. तिच्यासमोर काही बोलणं शक्य नव्हतं, म्हणून म्हटलं, ती वर गेली की सांगतो. ती वर जाता जाता म्हणाली, "बाबा तुमची वाट बघतायत, कालची गोष्ट अर्धी राहिली म्हणे." आणि मी तिच्या मागोमाग वर गेलो. असा गेलो. काम टाकून नाही, काही तसं नाही. फक्त गोष्ट अर्धी राहिली होती.

दुपारपर्यंत ते माझ्या डोक्यातून साफ गेलं. शेवटून तिसऱ्या ओळीची फळी कापताना एकदम आठवलं. हातात तुकडा नव्हता, सगळे तुकडे आत. ड्रायव्हरबाबांना मी म्हैस सांगत होतो आणि म्हैस हजेरीला उठत नाही इथवर आलो होतो.

"एक मिनिट बाबा, खाली जाऊन येतो."

"आता? अहो, भर चौकात गाडी बंद पाडता? म्हशीचं काय झालं ते सांगा आधी!"

मला हसू आलं. गुडघेही दुखत होते. मी मशीनवरची फळी उलटी केली आणि तिच्या पाठीवर लिहिलं: न्हाणीच्या दाराशी पाईप. ड्रिल नको. बाई मघाशी हेच म्हणाल्या. टोकाला नेहमीप्रमाणे ओळीचा आकडा टाकला. खिडकीतून फळी आत सरकवली, आतून मौनीच्या हातानं ती ओढून घेतली. मी परत वळून म्हणालो, "तर मास्तर म्हणाले, ए काळ्या स्वेटर..."

आत काय झालं ते मी बघितलं नाही, पण मला ते पाठ आहे. गोंद पसरलेला होता, आणि पसरलेला गोंद अर्ध्या तासात सुकायला लागतो. मौनीनं टोकाचा आकडा बघितला, फळी ओळीत ठेवली, ठोकळा लावून हातोडीनं शेजारच्या खाचेत बसवली. पाठ कशाला बघेल? फळीवर बोलायचं नाही हा नियम एकोणतीस वर्षांचा. तो मीच मोडला होता, तेही त्याला न सांगता.

संध्याकाळच्या आत त्यानं न्हाणीच्या दारात, लाकूड आणि फरशी यांच्या सांध्यावर, पितळेची पट्टी बसवली. चार भोकं, चार स्क्रू. तिसऱ्या भोकातल्या स्क्रूचं टोक पाईपमध्ये घुसलं. छेद मोठा नाही, सुईच्या टोकाएवढा. स्क्रूनंच तो जवळजवळ बुजवलाही. पण तिथे बारीक फुसफुस झाली असणार. दुसऱ्या कुठल्याही कारागिराचा हात थांबला असता. मौनीनं पट्टी पुसली आणि हत्यारं गोळा केली.

ड्रायव्हरबाबा पुढच्या आठवड्यात खाली राहायला आले. अनवाणी पायांनी फळ्यांवर चालून बघितलं म्हणे आणि मुलीला म्हणाले, "नव्या गाडीत बसल्यासारखं वाटतं." तेवीस दिवस ते तिथे राहिले. पाणी खालून थेंब थेंब मुरत होतं आणि न्हाणीच्या दाराशी फळ्यांच्या कडा उचलत होत्या, आज केसाएवढ्या, उद्या नखाएवढ्या. चोविसाव्या दिवशी सकाळी त्यांच्या चौकटीचा पाय त्या कडेला अडकला. खुबा मोडला.

मी दवाखान्यात गेलो. छताकडे बघत पडले होते. मला बघून ओठ हलले, "म्हशीची पुन्हा सांगा."

मी त्यांना म्हैस सांगितली. पाईपचं सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात ठेकेदारानं आम्हा दोघांना त्या तळघरात बोलावलं. शिक्षिका होतीच. फळ्या काढून खाली काय झालंय ते बघायचं होतं. ठेकेदाराला आधी वाटलं, काँक्रीटच ओलं होतं आणि आम्ही न तपासता काम उरकलं. मग त्यानं पट्टीचे स्क्रू काढले. तिसरा स्क्रू निघाला तशी पाण्याची बारीक धार त्याच्या मनगटावर उडाली. त्यानं मुख्य नळ बंद करायला लावला आणि मौनीसमोर उकिडवा बसला.

"मौनी, इथे पाईप होता हे तुला माहीत होतं?"

शिक्षिका पुढे आली. तिच्या तोंडावर आता मास्क नव्हता.

"मी सांगितलं होतं, मिस्त्री. तुम्ही मान हलवलीत."

तिचे ओठ बघून मौनीला त्या क्षणी सगळं कळलं. तिसरा दिवस, धुरळा, मास्क, आपली मान.

"हो बाई," तो म्हणाला. "सांगितलं होतं तुम्ही. मी विसरलो."

"विसरलास?" ठेकेदार म्हणाला. "तू?"

"वय झालं, साहेब."

मी तिथे होतो. हातात पहार होती, ओल्या फळ्या उचकटायचं काम माझ्याकडे होतं. मी एक शब्द बोललो नाही. मास्तर असते तर त्यांनी लगेच ओळखलं असतं.

ठेकेदारानं मनगटावरचं पाणी पुसलं. मग शिक्षिकेकडे वळून म्हणाला, "बाई, चूक आमची. सगळं नव्यानं करून देऊ. माणूस जुना आहे, आजवर असं कधी झालं नाही." त्याच्या बोलण्यावरून मला वाटलं, मौनीचं काम राहतंय. बोलणी खाईल, पण राहील. तो बहिरा आहे यापेक्षा तो निष्काळजी आहे हे त्यानं स्वतःच निवडलं होतं आणि ते खपत होतं.

आणि माझी पहार शेवटून तिसऱ्या ओळीखाली गेली. ती फळी कुठली ते मला बघावं लागलं नाही. पाण्यानं गोंद सुटला होता, फळी सहज वर आली. मी ती न उलटता तशीच ढिगाकडे नेऊ लागलो.

"थांब रे, ती दाखव इकडे. गोंदानं किती धरलंय बघू."

"सगळ्या सारख्याच आहेत, साहेब."

"दाखव म्हटलं ना."

त्यानं माझ्या हातातून फळी घेतली आणि उलटी केली. दातेरी थापीनं ओढलेल्या गोंदाच्या रेघा होत्या, आणि रेघांच्या मधून माझं ठळक, गावच्या शाळेचं अक्षर. ठेकेदारानं ते मोठ्यानं वाचलं. न्हाणीच्या दाराशी पाईप. ड्रिल नको. बाई मघाशी हेच म्हणाल्या.

"रेडिओ, बाई म्हणाल्या तेव्हा हा कुठे होता?"

"समोरच."

"समोर होता, त्यानं मान हलवली. मग तू हे लिहिलंस कशाला?"

आयुष्यात हजार थापा मारल्या, त्या क्षणी एक सापडली नाही. ठेकेदारानं माझ्याकडे बघितलं, फळीकडे बघितलं. मग तो उठला, मौनीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मौनी, तुझ्या खांद्यावर विंचू आहे."

तिथे ना काच होती ना डबा. मौनी हलला नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि माझ्या चेहऱ्यावर त्याला मागचं सगळं दिसलं.

"कधीपासून?" ठेकेदारानं विचारलं. मौनीला नाही, मला.

"सात-आठ वर्षं."

"आणि तुला माहीत होतं."

"गेल्या वर्षापासून."

शिक्षिकेनं आपल्याच तोंडावर हात ठेवला. "मी मास्क लावून बोलले," ती म्हणाली. "मान हलवणाऱ्या मुलांतून न समजलेली मुलं मला ओळखता येतात, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगते." मग ती अकरा पायऱ्या चढून वर गेली, आणि आम्हाला पुन्हा दिसली ती सोळा दिवसांनी, घराच्या फाटकाशी, वडील गेल्यावर. खुब्यानं नव्हे, अंथरुणात पडून पडून छातीत पाणी झालं त्यानं गेले. आम्ही दोघं रस्त्याच्या पलीकडे उभे होतो. ती आमच्याकडे बघून काही बोलली. मला अंतरामुळे ऐकू आलं नाही. मौनीला मी विचारलं, "काय म्हणाली?" तो म्हणाला, "तुम्ही आत येऊ नका."

ठेकेदारानं मौनीला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. ओरडला नाही. फक्त म्हणाला, "त्या भिंतीखालून मी माणूस काढलाय रे, मौनी. मला पुन्हा नाही काढायचा." मला ठेवलं होतं, चार दिवसांत मीच सोडलं. लोक म्हणाले, रेडिओनं साडूसाठी काम सोडलं. तसं काही नव्हतं. मशीन चालू केलं की माझा हात फळी उलटायला जायचा.

एक गोष्ट मात्र मौनीला अजून माहीत नव्हती. त्याला वाटत होतं, मी वेळेत कळवलं होतं आणि फळी बघायची राहिली ती त्याच्याकडून. मेहुणी मला म्हणाली, "रोज तेच म्हणतात भाओजी. त्यानं लिहिलं होतं, मी वाचलं नाही." आता ती ओरडत नव्हती. गुपित राहिलं नव्हतं, त्यामुळे ओरडायची गरज उरली नव्हती. हातानं खुणा करायची. गल्ली म्हणायची, बाई सुधारली.

मी तीनदा सांगायला गेलो. तिन्ही वेळा मान खाली घालून सांगितलं आणि तिन्ही वेळा त्यानं मान हलवली. मान खाली घातली की त्याला कळत नाही हे मला त्यानंच सांगितलं होतं. तिसऱ्यांदा घरी परत येताना माझी मलाच शिसारी आली.

चौथ्यांदा मी खिशात तुकडा घेऊन गेलो. त्या तळघराचाच, शिकलेल्या लाकडाचा. पाठीवर लिहिलं होतं: सकाळीच मला कळलं होतं. तुला बाईंचं कळलं नाही हे मी बघितलं होतं. दुपारी आठवलं तेव्हा अकरा पायऱ्या उतरलो नाही. बाबांना म्हैस सांगत होतो.

मौनी स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. तुकडा घेतला, खिडकीकडे धरला, वाचला. पुन्हा वाचला. इतका वेळ लावला की मेहुणीनं मला खुणेनं विचारलं, काय आहे? मी मान हलवली.

"म्हशीचं पुढे काय झालं?" मौनीनं विचारलं.

"काय?"

"तू सांगत होतास ती. पुढे काय झालं?"

"मास्तर काठी घेऊन मागे गेले," मी म्हणालो. मान वर ठेवून, त्याच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा. "जवळ गेल्यावर त्यांना दिसलं. मग म्हणाले, निदान ही तरी वेळेवर आली."

तो हसला नाही. टेबलाचा एक पाय आखूड होता, कितीतरी वर्षं डुगडुगत होता. मौनी खुर्चीवरून गुडघ्यांवर उतरला, तुकडा त्या पायाखाली सरकवला, लिहिलेली बाजू खाली करून. हाताच्या टाचेनं दोनदा आत ठोकला. मग डावा तळहात टेबलावर सपाट ठेवला, उजव्या पेरानं टकटक केली, डोळे मिटले.

"बसला," म्हणाला.

मी दर आठवड्याला जातो. टेबल हलत नाही. मी समोर बसतो आणि बोलतो, आणि तो तळहात टेबलावर ठेवून माझ्या ओठांकडे बघतो. आता त्याची कुठली मान समजून हलते आणि कुठली नुसती, हे मला कळतं. नुसती हलली की मी थांबतो आणि पहिल्यापासून सांगतो. म्हशीची मात्र त्यानंही पुन्हा मागितली नाही, आणि मीही सांगितली नाही.